पाणथळ गवतांतील मूलकवके

दलदल, तळ्याकाठ, खाजण अशा पाणी साचणाऱ्या जागी वाढणाऱ्या गवतांच्या मुळांत सहजीवी म्हणून राहणारी कवके. त्यांतला मुख्य गट ग्लोमेरोमायकोटा संघातला. त्यांचे तंतू मुळाच्या पेशींची भित्ती भेदून आत शिरतात, पेशीपटल मात्र फाडत नाहीत. आत इवल्या झुडपासारख्या फांद्या फुटतात. या झुडपातच देवघेव चालते: गवताला फॉस्फरस मिळतो, कवकाला शर्करा आणि मेद. अशा जोडीला फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हे नाव दिले, तेही वनवृक्षांची मुळे पाहून. गवतांकडे, त्यातही चिखलातल्या गवतांकडे, लक्ष फार उशिरा गेले.

कारण उघड होते. या कवकांना ऑक्सिजन लागतो आणि पाण्याखालच्या चिखलात तो जवळजवळ नसतो. पण ‘नळ’ नावाच्या उंच पाणथळ गवतासारखे गवत स्वतःच हवा खाली नेते. त्याच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, आणि मुळांतून थोडा ऑक्सिजन भोवतीच्या मातीतही झिरपतो. काळ्या चिखलातून उपटलेले मूळ धुतले तरी त्यावर तांबूस लेप राहतो. तो या ऑक्सिजनने गंजलेल्या लोहाचा. कवकांना जगायला एवढी जागा पुरते.

तरी पाणी वाढले की मुळांतले कवक सहसा घटते. बुडालेल्या मातीत लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटा होतो आणि गवताला कवकाची गरज कमी भासते, हेही त्यामागचे एक कारण असावे. काठावरच्या कोरड्या पट्ट्यात तीच जात कवकांनी भरलेली सापडते. गवताची जातही महत्त्वाची. खाऱ्या दलदलीतल्या ‘स्पार्टिना पॅटेन्स’मध्ये कवक आढळते, तर त्याच्या शेजारच्या, भरतीत रोज बुडणाऱ्या ‘स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा’त ते बहुधा नसते. लव्हाळे गवतासारखे दिसले तरी त्यांचे कुळ वेगळे, आणि त्यांतल्या बऱ्याच जाती या कवकांना थारा देत नाहीत.

विविधता मोजणे हे खरे किचकट काम. माती चाळणीतून धुऊन बीजाणू वेचायचे, ही जुनी रीत. युरोपातल्या खाऱ्या दलदलींत अशा चाळणीत ‘ग्लोमस जिओस्पोरम’चे बीजाणू वारंवार प्रामुख्याने मिळाले. पण मातीत बीजाणू असणे म्हणजे मुळात कवक असणे नव्हे. काही जाती मुळात भरपूर वाढूनही बीजाणू क्वचितच धरतात. त्यामुळे मुळातला डीएनए वाचला की यादी बदलते. मुळे निळ्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर कवक किती आहे ते कळते, कोणते आहे ते सहसा नाही. त्याच काचपट्टीवर काळपट, पडदे असलेले तंतूही दिसतात. ती वेगळ्याच कुळांतली कवके, आणि ती सहजीवी की निव्वळ भाडेकरू, यावर एकमत नाही.