बदामीची लाल कपार: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात पायाखाली काळा बेसाल्ट असतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. होटगी-गदग मार्गाने विजापूर, बागलकोट मागे टाकून बदामीला उतरलं की खडकच बदलतो. इथला वालुकाश्म ५४ कोटी वर्षांहूनही जुना. नद्यांनी आणून टाकलेली वाळू थरावर थर दबून घट्ट झाली आणि तिच्यातल्या लोहामुळे कड्यांना विटकरी, जांभळट, पिवळसर पट्टे आले. कड्याला अगदी भिडून पाहा: आडव्या जाड थरांच्या आत बारीक तिरक्या रेघा दिसतील. पाणी कुठल्या दिशेला वाहत होतं, ते या रेघांवरून कळतं. बहुतेक जण फोटो काढून पुढे जातात आणि नेमकं हेच बघायचं राहतं.

उत्तर किल्ल्याची वाट वस्तुसंग्रहालयाच्या शेजारून वर चढते. ती आधी आखली खडकातल्या उभ्या भेगांनी. पाणी मुरत गेलं, भेगा रुंदावल्या, दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती उरल्या. माणसाने नंतर पायऱ्या खोदल्या आणि चिंचोळ्या जागी दरवाजे बसवले. इथे मूठभर माणसं फौज अडवू शकत. चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीने किल्ल्यासाठी ही टेकडी निवडली. त्याचा शके ४६५ चा, म्हणजे इ. स. ५४३ चा लेख इथल्याच कड्यावर आहे. तलावापलीकडच्या टेकडीतलं तिसरं लेणं त्याचा मुलगा मंगलेश याने शके ५०० मध्ये, म्हणजे इ. स. ५७८ मध्ये पुरं केलं. एवढा पक्का बंदोबस्त असूनही इ. स. ६४२ च्या सुमारास कांचीच्या पल्लव राजा नरसिंहवर्म्याने बदामी घेतलीच.

छिन्नीला सोपा जाणारा हा दगड पायाला मात्र दगा देतो. त्याचे कण सुटून पायऱ्यांवर वाळू साचते. चढताना ती जाणवत नाही, उतरताना टाच सरकते. चपला नकोत, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस कडेच्या दगडाला धरून चढू नये. ओला वालुकाश्म कोरड्यापेक्षा कमजोर असतो. सावकाश चढलं तर माथ्याला पाऊण तास पुरतो, पण ऊन चढलं की भिंती तापतात, म्हणून सकाळीच निघावं. माणशी दोन लिटर पाणी घ्यावं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सॅकच्या आत ठेवावी. हातातली पिशवी माकडं ओढून नेतात.

पौष पौर्णिमेला जवळच बनशंकरीची जत्रा भरते. तेव्हा गाडीत जागा आणि गावात खोली मिळणं अवघड. त्या दिवसांत देवीचं दर्शन घ्यावं, किल्ल्यासाठी वेगळी खेप करावी.