मटण कशाचंही आणा, येसूर कुणाचा ते सांगा

धुळवडीच्या चार दिवस आधी परभणीहून भाचीचा फोन आला. "मामा, डॉक्टरांनी लेकराचा गहू बंद केलाय. आता धुळवडीला त्याला मटण द्यावं का नाही? सासूबाई म्हणतात बोकडाचं उष्ण पडतंय, गावरान कोंबडी आणा. जाऊबाई म्हणतात नुसती कलेजी द्या, रक्त वाढतंय. तुम्ही सायन्सवाले, तुम्ही सांगा. कशाचं आणू?"

मी म्हणालो, "कशाचंही आण. रश्श्यात येसूर कुणाचा पडणार आहे, ते आधी सांग."

येसूर म्हणजे रश्श्याला दाटपणा आणणारं, भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ. ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "अगंबाई, येसुरात गहू असतोय की!"

लेकरू सहा वर्षांचं. दोन वर्षं वजनाचा काटा हलत नव्हता. हातापायाच्या काड्या, पोट मात्र नगाऱ्यासारखं, आणि हिमोग्लोबिन कायम खाली. जंताचं औषध तीनदा झालं. दृष्ट काढून झाली, दंडाला काळा दोरा बांधून झाला. शेजारच्या एका म्हातारीने तर पोटावर बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितलं होतं. भाचीने तिला घराबाहेर काढलं, त्याबद्दल मी तिचा जाहीर सत्कार करायला तयार आहे. आधीच उपाशी असलेल्या शरीराला वर जखम करून काय मिळणार? शेवटी एका बालरोगतज्ज्ञाला शंका आली. रक्ताची एक तपासणी झाली, दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला, आणि नाव कळलं: सेलिॲक.

आपल्याकडे हा पंजाब-हरियाणाचा आजार समजला जातो, आणि ते अगदीच खोटं नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तरेत शंभरात एकापेक्षा किंचित जास्त लोकांना तो आढळला, दक्षिणेत हजारात एकाला. गंमत अशी की या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे साधारण सारख्याच लोकांत, म्हणजे तिघांत एकाकडे, होती. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. मराठवाडा मधला. आपल्या आज्या ज्वारीच्या भाकरीवर जगल्या, पोळी सणाला व्हायची. आता रेशनचा गहू, डब्यात पोळी, मधल्या सुट्टीत बिस्कीट, संध्याकाळी नूडल्स. जनुक आजीकडेही असेल, पण त्याच्यापुढे गहू कधी रोज आला नाही.

गव्हातली भानगड नेमकी कोणती, हे ज्याच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात त्याने हाताने अनुभवलेलं आहे. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून पिळला की पांढरा चीक खाली उतरतो, हातात चिवट चोथा राहतो. किंवा कणकेचा गोळा नळाखाली चोळत बसा. पिठूळ पाणी वाहून जाईल आणि बोटांत रबरासारखा, ताणला तर ताणला जाणारा एक लगदा उरेल. तेच ग्लुटेन. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका यांत ते नाही. जवात म्हणजे सातूत त्याचे सख्खे चुलत भाऊ आहेत, म्हणून सातूही बंद.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो. इथे थोडं सावकाश वाचा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे दहावीपर्यंत सगळ्यांनी वाचलंय. आपण मटण खातो तेव्हा पेप्सिन, ट्रिप्सिन अशी विकरं अडकित्त्यासारखी ती माळ कापत जातात. शेवटी सुटे मणी किंवा दोन-तीन मण्यांचे तुकडे उरतात आणि ते आतड्यातून आत जातात. बोकड असो, कोंबडी असो, मासा असो, हे काम ठाकठीक होतं. ग्लुटेनच्या माळेत मात्र प्रोलिन नावाचा मणी जागोजाग ओवलेला आहे. प्रोलिनची रचना कडीसारखी वळलेली असते, त्यामुळे माळ तिथे मुरडते आणि अडकित्त्याच्या पात्यात नीट बसतच नाही. माळ अर्धवट कापली जाते. 2002 साली शास्त्रज्ञांनी असा एक 33 मण्यांचा तुकडा शोधला, जो माणसाच्या पोटातल्या कुठल्याच विकराला दाद देत नाही. असे तुकडे तुमच्याआमच्याही पोटात रोज उरतात. आपलं त्याने काही बिघडत नाही.

ज्याचं बिघडतं त्याच्या आतड्याच्या अस्तरात पुढचं नाटक घडतं. तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक विकर राहतं. त्याचा मूळ धंदा शिंप्याचा. जखम झाली की हे विकर एका प्रथिनातल्या ग्लुटामिन मण्याला दुसऱ्या प्रथिनातल्या लायसिन मण्याशी टाका घालून जोडतं. (याच कुळातलं, जिवाणूंकडून मिळवलेलं एक विकर खाद्य उद्योगात मांसाचे बारके तुकडे चिकटवून एकसंध तुकडा करायला वापरतात. हा शिंपी असा सगळीकडे आहे.) ग्लुटेनचा तुकडा ग्लुटामिनने गच्च भरलेला असतो, त्यामुळे शिंप्याला तो फार आवडतो. तो ग्लुटामिन पकडतो, पण जोडायला शेजारी लायसिन सापडत नाही. मग पाण्याचा रेणू मध्ये घुसतो, अमोनिया सुटून जातो, आणि ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होतं. बदल एवढासाच. पण आधी विद्युतभार नसलेल्या त्या मण्यावर आता ऋण भार बसला.

इथे जनुकाचा प्रवेश. आपल्या पेशी शत्रूचे तुकडे एका तबकात ठेवून पांढऱ्या पेशींना दाखवतात. ही तबकं जनुकांवरून घडतात, म्हणून माणसागणिक वेगळी. डीक्यू-2 आणि डीक्यू-8 या नावाच्या तबकांत जे खळगे आहेत, त्यांना ऋण भाराचे मणी चपखल बसतात. म्हणजे शिंप्याने हात लावण्याआधी ग्लुटेन या तबकात डुगडुगत होतं, हात लावल्यावर खिळ्यासारखं घट्ट झालं. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतलीच एक जात, ते बघतात, हाकाटी करतात, आणि फौज आतड्याच्याच अस्तरावर तुटून पडते. शिवाय ग्लुटेन आणि शिंपी एकमेकांना चिकटलेले सापडत असल्याने प्रतिपिंडं, म्हणजे शत्रूला पकडायला शरीर बनवतं ती प्रथिनं (अँटिबॉडीज), शिंप्याविरुद्धही तयार होतात. 1997 साली जर्मनीतल्या संशोधकांनी ही ओळख पटवली. लेकराच्या रक्तात डॉक्टरांनी मोजलं ते हेच, शिंप्याविरुद्धचं प्रतिपिंड. म्हणूनच तपासणीआधी गहू बंद करायचा नसतो. गहू थांबला की प्रतिपिंड उतरत जातं आणि रिपोर्ट खोटा साफ येतो.

डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: लहान आतड्यात मखमलीसारखे मिलिमीटरभरही नसलेले बारीक उंचवटे असतात, अन्न तिथून रक्तात जातं, आणि या लढाईत ती मखमल झिजून गोणपाट होते. झीज सर्वांत जास्त होते ती आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि लोह नेमकं तिथेच शोषलं जातं. हिमोग्लोबिन का वाढत नव्हतं, हे आता वेगळं सांगायला नको.

हा गुन्हेगार सापडला तो उपासमारीत. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूची लेकरं वाळत असताना सेलिॲकची लेकरं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. त्याआधी या लेकरांना डॉक्टर मुख्यतः केळी खाऊ घालत असत.

आता मटण. ताज्या मांसात ग्लुटेन नसतं. कुठल्याच प्राण्याच्या नाही. बोकड जन्मभर गव्हाचं भुसकट खात असला तरी नाही, कारण त्याच्या पोटात ते मोडलं जातं, स्नायूत साठत नाही. उष्ण-थंडाचा वाद सासूबाईंनी खुशाल चालू ठेवावा. जाऊबाईंचं मात्र अर्धं बरोबर आहे. मांसातलं लोह ज्या रूपात असतं, ते पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, आणि कलेजीत ते भरपूर असतं. पण मखमल परत उगवेपर्यंत कलेजीचाही फारसा उपयोग नाही, आणि रोज तर ती द्यायचीच नाही, कारण तीत अ जीवनसत्त्व बेसुमार असतं.

अडचण मटणवाल्याच्या ओट्यावर नाही, आपल्या फळीवरच्या डब्यात आहे. येसूर, कुणी येसर म्हणतं, मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो: गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी किंवा बाजरी, धणे, मिरची, खडा मसाला भाजून दळलेलं पीठ. आमटीला नि रश्श्याला त्यानेच दाटपणा येतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि भाचीच्या सासूबाईंचं प्रमाण गुपित. ते गुपित फोनवर फोडून घेतलं: साधारण चौथा हिस्सा गहू.

हिशेब करू. आठ माणसांच्या पातेल्यात चार मोठे चमचे, म्हणजे 40 ग्रॅम येसूर. त्यात 10 ग्रॅम गहू. गव्हात ग्लुटेन ढोबळमानाने आठ टक्के धरलं तर 800 मिलिग्रॅम. आठ वाट्यांत वाटलं तर वाटीला 100. वाटीभर रस्सा 200 ग्रॅमचा म्हटला तर किलोला 500 मिलिग्रॅम झालं. 'ग्लुटेनमुक्त' म्हणवून घ्यायची आपल्या देशातली मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पंचवीसपट. इटलीत झालेल्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याची मखमल झिजलेली दिसली होती. एका धुळवडीने आतडं बसत नाही, हे खरं. पण येसूर फक्त धुळवडीला थोडाच पडतो? आमटीत आठवड्यातून चारदा पडतो. गहू बंद करूनही वजन वाढत नाही म्हणून आया रडतात, तेव्हा बऱ्याचदा घरात असाच एखादा डबा सापडतो.

दुसरी जागा हिंगाची डबी. बाजारातल्या बहुतेक हिंगाच्या पुडीत मूळ हिंग थोडा आणि पीठ जास्त. ते पीठ कधी तांदळाचं, कधी गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीवरचे बारीक अक्षर वाचणे एवढाच उपाय. तिसरी जागा गिरणी, आणि ही सगळ्यांत फसवी. ज्वारी शुद्ध, 'परभणी मोती'सारखी टपोरी, पण गिरणीत आधी कुणाचा गहू दळला गेला असेल तर पहिल्या दोन-तीन किलोत तो उतरतो. "ज्वारीवर ज्वारी टाका" हे आपण चवीसाठी म्हणायचो, या घरात ते औषधासारखं पाळावं लागतं. भाचीने शेवटी घरगुती छोटी चक्की घेतली.

बाहेर खायचं असेल तर आणखी जपून. रमजानात नांदेडला, संभाजीनगरला हलीम मिळतो, त्याला लोक मटणाचा पदार्थ समजतात. त्यात मटणाबरोबर गहूही भरपूर असतो. नान-खलियातला नान मैद्याचा. दम बिर्याणी तांदळाची, पण हंडीचं झाकण कणकेने लिंपलेलं. चिकन 65 ला मैदा, चिली चिकनला सोया सॉस, आणि सोया सॉस बहुधा गहू घालूनच आंबवतात. जायकवाडीचा मासा निर्दोष, त्याच्यावरचा रवा नाही. तयार कबाब-सॉसेजात बऱ्याचदा पाव किंवा पीठ घालून वजन वाढवलेलं असतं.

एक चीड इथेच काढून घेतो. 'खपली गहू ग्लुटेनमुक्त असतो' असं लिहिलेल्या पिशव्या हल्ली प्रदर्शनांत विकायला असतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. एखाद्या आजीला तो हलका वाटत असेल, पण सेलिॲकच्या लेकराला तो विषच. दुसऱ्या टोकाला, ज्यांना काहीही झालेलं नाही असे लोक वजन उतरवायला ग्लुटेन सोडून 'ग्लुटेनमुक्त' छापलेलं मीठ विकत घेतात. मिठात ग्लुटेन कधी होतं?

आणि हे सगळं सेलिॲकपुरतंच. पथ्य हा शब्द एकच असला तरी लेकरागणिक उत्तर उलटं होतं. काही लेकरांना जन्मतःच फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल हाताळता येत नाही. त्यांना ज्वारीची भाकरीसुद्धा मोजून, आणि मटण कुठलंच नाही. मूत्रपिंडाच्या आजारात तर तुकडे मोजून द्यावे लागतात. शेजारच्या लेकराचं पथ्य आपल्या लेकराला लावू नका, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाला विचारा.

धुळवडीला भाचीने बोकडाचंच मटण आणलं. सासूबाईंनी ज्वारी, हरभरा डाळ, धणे, मिरच्या कोऱ्या कढईत भाजून नव्या चक्कीवर लेकराचा वेगळा येसूर केला, आणि मग सगळ्या घराचा रस्सा त्यातच केला. दोन पातेली कोण घासणार, असं त्यांचं म्हणणं. थोडा मिळमिळीत झाला म्हणे, पण पातेलं रिकामं झालं.

आदल्या दिवशीच्या होळीचं मात्र जमलं नाही. ज्वारीच्या पिठात पुरण भरून पोळी लाटायला घेतली तर लाटण्याखाली फुटून गेली. फुटणारच. पुरण पोटात घेऊन न फाटता पसरायला जो ताण लागतो, तो ग्लुटेनचाच. लेकराने वाटीत नुसतं पुरण घेतलं, त्यावर तुपाची धार, आणि चमच्याने खाल्लं.