वळणावर जुनी मिनी इतकी चपळ का वाटते?

1959 ची ओरिजिनल मिनी, म्हणजे ती चिमुकली ब्रिटिश कार, 34 हॉर्सपॉवरची आणि आजची स्पोर्ट्स कार पोर्शे 911 करेरा (992 नावाची पिढी) 385 च्या आसपास. सरळ रस्त्यावर तुलनाच नाही, मिनीला 96 किमीचा स्पीड गाठायला 27 सेकंद लागायचे, 911 साडेचार सेकंदांच्या आत शंभर ओलांडते. विषय संपला. खरी मजा वळणावर आहे.

गाडी वळते तेव्हा ती नुसती बाजूला सरकत नाही, अख्खी गाडी उभ्या अक्षाभोवती फिरवावीही लागते, आणि याकडे सहसा कुणाचं लक्षच जात नाही. फिरायला ती किती विरोध करणार हे वजनावर तर ठरतंच, पण ते वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावरही ठरतं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की विरोध चौपट. मिनी 3.05 मीटर लांब, वजन 600 किलोच्या आसपास. 911 साडेचार मीटर, 1500 किलो. दोन्हींचं वजन सारखंच पसरलंय असं धरून ढोबळ हिशोब केला तर 911 ला वळवणं पाचपट जड जातं!

मिनी एवढीशी झाली ती अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या डोक्यामुळे. इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनच्याच खाली ऑइल चेंबरमध्ये घातला, दोघांना एकच ऑइल, आणि 10 इंची चाकं पार चार कोपऱ्यांत नेली. सस्पेन्शन तर मला फारच आवडतं. एवढ्या हलक्या गाडीत चार माणसं बसली की वजन जवळपास निम्म्याने वाढतं, साधी स्प्रिंग त्याला पुरी पडत नाही, म्हणून इंजिनिअर अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी रबराचे शंकू वापरले कारण रबर जितकं दाबाल तितकं कडक होत जातं.

911 चा मार्ग वेगळा. टायरवरचा भार दुप्पट केला तरी ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते, त्यामुळे जड गाडीला रुंद टायर लागतातच, हिचे मागचे 295 मिलिमीटरचे आहेत. शंभरच्या स्पीडला मिनीच्या अडीचपट ऊर्जा ब्रेकला उष्णता करून घालवावी लागते. हे सगळं ती इतकं छान करते की स्टॉपवॉच लावलं तर वळणावरही तीच पुढे. अर्थात त्या वजनातलं बरंच वजन मजबूत सांगाडा आणि एअरबॅगचं आहे, मिनीत सुरुवातीला साधे सीटबेल्टही नव्हते, त्यामुळे धडकेचा विचार केला तर मी 911 च निवडेन.