ब्लड कल्चरचा नमुना देण्यापूर्वी: सेप्सिसविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डॉक्टरांनी ब्लड कल्चर, म्हणजे रक्त खास बाटल्यांत ठेवून त्यात जंतू वाढतात का हे पाहण्याची तपासणी, लिहून दिली की आमच्या प्रयोगशाळेच्या काउंटरवर तीन प्रश्न हमखास विचारले जातात. रक्त दोन्ही हातांतून का घेता, इतके का घेता आणि रिपोर्टला पाच दिवस का लागतात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. मात्र हे पत्रक छापावे लागले ते वेगळ्याच कारणाने. रुग्णाने नमुना देण्यापूर्वीच अँटिबायोटिक घेतलेले असते आणि ते आम्हाला कोणी सांगत नाही. या एका गोष्टीमुळे रुग्णाचे जितके दिवस वाया जातात, तितके दुसऱ्या कशानेही जात नाहीत.

त्याआधी एक विनंती. ताप किंवा जंतुसंसर्ग असलेल्या माणसाला धाप लागली असेल, तो असंबद्ध बोलत असेल किंवा जागाच होत नसेल, हातपाय थंड व निळसर पडले असतील, लघवी जवळजवळ बंद झाली असेल किंवा रक्तदाब उतरला असेल, तर त्याला आमच्याकडे आणू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा नागपुरातील मेडिकल, मेयो, मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये अथवा जवळचे कोणतेही अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाचे रक्त तिथेच घेतले जाते आणि उपचारही तिथेच सुरू होतात. रात्री उशिरा रुग्णाला गाडीत बसवून आधी तपासणी करून घेऊ म्हणून येणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही दारातूनच रुग्णालयाकडे पाठवतो, आणि पुढेही पाठवत राहू.

सेप्सिस म्हणजे इन्फेक्शन रक्तात जाणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण ती अपुरी आहे. २०१६ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना जिवावर बेतेल इतकी इजा करू लागतो, तेव्हा त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. त्यामुळे रक्तात जंतू सापडले नाहीत तरी सेप्सिस असू शकतो, आणि कल्चर निगेटिव्ह आले म्हणून डॉक्टर उपचार थांबवत नाहीत. मूळ संसर्ग बहुधा फुप्फुसांत, मूत्रमार्गात, पोटात किंवा त्वचेवरील जखमेत असतो. आपल्याकडे मधुमेही माणसाच्या पायाची जखम हे त्याचे नेहमी दिसणारे उगमस्थान आहे. वावरात अनवाणी चालताना काटा रुततो, पायाला बधिरता असल्याने दुखत नाही आणि पाय सुजून काळा पडेपर्यंत घरात कोणाच्या लक्षात येत नाही. मुतखड्याने लघवीचा मार्ग अडला आणि मागे संसर्ग साचला, तर काही तासांत प्रकृती ढासळू शकते. बाळंतिणी, नवजात बालके, वृद्ध, किमोथेरपी घेणारे आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना धोका अधिक असतो. वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. आजोबा कालपासून काहीतरीच बोलत आहेत किंवा बाळ दूध ओढत नाही, एवढेच लक्षण असते.

२०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याच्या आसपास रुग्ण लहान मुले व किशोरवयीन होते.

उपचारांत वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. सेप्टिक शॉकचा, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेला, रुग्ण असेल, तर पहिले अँटिबायोटिक एका तासाच्या आत शिरेतून दिले जावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रक्तदाब उतरलेला असल्यास पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली सलाईन दिले जाते, तेवढ्यानेही दाब सावरला नाही तर तो वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखे औषध सुरू करतात, आणि गळू, पू किंवा अडलेला खडा असेल तर तो मोकळा केल्याशिवाय केवळ औषधांनी भागत नाही. ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, डायलिसिस हे गरजेप्रमाणे. यातले आमच्याकडे काहीच होत नाही. आमचे काम आहे तो जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते, हे डॉक्टरांना सांगणे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ताप आला की पहिल्या दिवशी औषधांच्या दुकानातून दोन-तीन गोळ्या घेतल्या जातात. घरातल्या डब्यात मागच्या आजारपणातली अर्धी स्ट्रिप उरलेली असते, ती उपयोगी पडते. तिसऱ्या दिवशी बरे वाटत नाही म्हणून डॉक्टर गाठले जातात आणि ते ब्लड कल्चर लिहून देतात. आमचा तंत्रज्ञ विचारतो, कोणते औषध घेतले का? उत्तर येते, नाही, फक्त तापाची गोळी. पुढे पाच दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट हाती पडल्यावर पिशवीतून ती रिकामी स्ट्रिप निघते. तणनाशक फवारलेल्या वावरात आठवड्याने जाऊन इथे कोणते तण होते असे विचारावे, तसा हा प्रकार आहे. रक्तातले जंतू औषधाने दबलेले असतात, पूर्ण मेलेले नसतात, आणि बाटलीत मात्र वाढत नाहीत. कॅनडा व अमेरिकेतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गंभीर सेप्सिसच्या रुग्णांचे रक्त पहिल्या डोसच्या आधी घेतले तेव्हा सुमारे ३१ टक्के रुग्णांत जंतू वाढले. त्याच रुग्णांचे रक्त डोसनंतर थोड्याच वेळात पुन्हा घेतले, तेव्हा हे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर आले. हा फरक शिरेतून दिलेल्या एका डोसचा आहे. तीन दिवसांच्या गोळ्यांनी काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

म्हणून गोळी घेतली असेल तर ती कृपया लपवू नये. आम्ही रागावत नाही आणि नमुनाही नाकारत नाही. औषधाचे नाव व शेवटच्या डोसची वेळ आम्ही फॉर्मवर लिहितो आणि डॉक्टरांना कळवतो. पुढचा डोस बाकी असेल, तर त्याच्या अगदी आधी रक्त घेणे अधिक फायद्याचे ठरते. अँटिबायोटिक शोषून घेणारी राळ असलेल्या महागड्या बाटल्या आम्ही वापरतो, आमचा दर काही ठिकाणांहून थोडा जास्त आहे तो त्यामुळेच. त्यांचा उपयोग होतो, पण घेतलेल्या औषधाचा परिणाम त्या पूर्णपणे पुसू शकत नाहीत.

याचा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये. डॉक्टरांनी अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करायला सांगितले असेल, तर आमचा माणूस पोहोचेपर्यंत डोस रोखून धरू नये. रक्त घ्यायला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते होत असेल तर आधी घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. चालू असलेले औषध तर कल्चरसाठी स्वतःहून कधीही बंद करू नये. अनेक अँटिबायोटिके औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत २०१४पासून नोंदलेली आहेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. पाकिटावरची लाल रेघ हीच खूण सांगते.

दोन्ही हातांतून रक्त का? आपल्या सर्वांच्या त्वचेवर निरुपद्रवी जंतू असतात आणि सुईबरोबर त्यांतला एखादा बाटलीत जाऊ शकतो. एकाच हाताच्या बाटलीत असा जंतू वाढला तर तो त्वचेवरचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि दोन्हीकडे तोच निघाला तर डॉक्टर त्याला गांभीर्याने घेतात. आमचा तंत्रज्ञ क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने त्वचा पुसून अर्धा मिनिट थांबतो, बाटलीचे रबरी झाकणही पुसतो आणि त्यानंतर शिरेवर बोट ठेवत नाही. याच वेळी जवळ उभे असलेले नातेवाईक मायेने हात धरतात किंवा शीर इथे आहे म्हणून बोट टेकवतात, आणि त्याला सगळे पुन्हा करावे लागते. तो उगाच वेळ लावतो असे समजू नये.

रक्ताचे प्रमाणही असेच विचारपूर्वक ठरलेले आहे. प्रौढाच्या एका मिली रक्तात एकही जंतू सापडणार नाही, इतके ते विरळ असू शकतात. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, आणि प्रत्येक हाताच्या दोन अशा चार बाटल्या मिळून साधारण ४० मिली रक्त लागते. रक्तदानात एका वेळी ३५० मिली घेतले जाते, त्यामानाने हे थोडे आहे. लहान मुलांचे प्रमाण वजनानुसार बरेच कमी असते. दोनच बाटल्या करा, पैसे वाचतील, अशी विनंती होते तेव्हा आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारतो, आमच्या मनाने कमी करत नाही.

रिपोर्टला लागणारा वेळ हा जंतूंच्या वाढीचा वेळ आहे. शरीराच्या तापमानाइतक्या उबेत ठेवलेल्या बाटल्या यंत्र दिवसरात्र तपासत असते. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बाटलीचा हिरवट तळ पिवळा पडतो आणि यंत्र सूचना देते. बहुतेक पॉझिटिव्ह नमुने २४ ते ४८ तासांत कळतात. त्या क्षणी, मग मध्यरात्र असो, आम्ही बाटलीतला थेंब काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि जंतूचा प्रकार डॉक्टरांना फोनवर सांगतो. नेमके नाव आणि कोणते औषध लागू पडते हे कळायला आणखी एक-दोन दिवस जातात. लागू पडणाऱ्या औषधांच्या यादीवरून डॉक्टर सुरुवातीचे जोरकस औषध बदलून नेमके औषध देऊ शकतात, आणि आमच्या मते या तपासणीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी मात्र पाच दिवस वाट पाहावी लागते. ४८ तासांनंतरचा तात्पुरता रिपोर्ट आम्ही वेगळे पैसे न घेता देतो.

उमरेड, काटोल, रामटेक या भागांतील दवाखान्यांतून बाटल्या येतात तेव्हा त्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या नसाव्यात. लघवीचा नमुना थंड ठेवतात म्हणून हाही ठेवला जातो, आणि थंडीत जंतू वाढायचे थांबतात. मे महिन्यात बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवणेही तितकेच वाईट. सावलीत, खोलीच्या तापमानाला, दोन तासांत ती आमच्याकडे यावी. स्वतः येणे शक्य नसल्यास धंतोली व रामदासपेठेतील रुग्णालयांतून आमचा माणूस बाटल्या घेऊन जातो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. गवतातल्या माइट या अतिशय बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होणारा हा आजार सेप्सिससारखाच अवयवांवर येतो, पण त्याचा जंतू ब्लड कल्चरमध्ये वाढत नाही. त्याची तपासणी वेगळी असते आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन दिले जाते. रुग्ण शेतात किंवा गवतात गेला असेल, काखेत, जांघेत किंवा कमरेवर काळी खपली दिसत असेल, तर फॉर्म भरताना ते जरूर सांगावे, म्हणजे डॉक्टरांना विचारून आम्ही तोही नमुना एकाच वेळी घेतो.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, घरात असलेल्या आणि संपलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप आणि आधीचे रिपोर्ट सोबत आणावेत. कल्चरसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. पॉझिटिव्ह निकाल आधी आपल्या डॉक्टरांना कळवला जातो, त्यामुळे फॉर्मवर त्यांचा चालू मोबाइल क्रमांक लिहिलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी काउंटरवर एकदा तपासून घ्यावे.