आयसीयूतली शुगर: जितकी कमी तितकी बरी?

‘आयसीयूत शुगर ११०च्या आतच हवी’ हा समज २००१चा. बेल्जियममधल्या लूव्हनला सर्जिकल आयसीयूत तशी ठेवल्यावर मृत्यू घटले होते. २००९च्या नाइस-शुगर चाचणीत, सहा हजारांवर रुग्णांत, उलटंच दिसलं: ९० दिवसांत शुगर काटेकोर खाली ठेवलेल्या गटातले २७.५ टक्के दगावले, थोडी वाढू दिलेल्या सैल गटातले २४.९. काटेकोर गटात शुगर फार खाली जायची. गुंगीतला पेशंट ‘गरगरतंय’ म्हणून सांगणार कसा?

मग ‘आता एआय सांभाळेल’ सुरू झालं. लूव्हनच्याच २०२३च्या चाचणीत शुगर काटेकोर ठेवायला इन्सुलिनचा डोस संगणकाच्या गणिताने ठरवला. शुगर घसरणं बऱ्यापैकी आटोक्यात राहिलं, हे मानायलाच हवं. पण आयसीयूतला मुक्काम काही कमी झाला नाही. तेव्हा चार्टवर १६० दिसले म्हणून सिस्टरच्या मागे लागू नका. साधारण १८०पर्यंत डॉक्टर मुद्दामच राहू देतात.