महाग मदरबोर्डावर गेम खरंच जास्त पळतो का? थोडी पार्श्वभूमी

गेमिंग पीसी असेंबल करायला निघालं की बजेट हमखास मदरबोर्डपाशी अडतं. साधा 'बी' मालिकेतला घ्यावा, की इंटेलचा 'झेड' किंवा एएमडीचा 'एक्स' चिपसेटवाला (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) महागडा? महाग बोर्डावर गेम जास्त पळतो, ही समजूत निराधार नाही. एके काळी ते खरंच होतं.

तेव्हा प्रोसेसर आणि रॅममधली ये-जा सांभाळणारा मेमरी कंट्रोलर बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा, त्यामुळे बोर्ड बदलला की वेगात फरक पडायचा. त्यात ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याची, भर. 1998 साली आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए घ्या. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डावरच्या बसचा वेग गुणिले एक ठरलेला गुणक; त्याचा गुणक 4.5 वर पक्का होता. 440बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली, की 300 चा प्रोसेसर बहुतेक वेळा 450 वर चालायचा. अबिट कंपनीच्या बीएच6 बोर्डावर तर जंपरला (बोर्डावरच्या छोट्या जोडपिनांना) हातही न लावता, बायोसमधूनच, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जच्या पडद्यावरूनच, हे जमायचं. प्रोसेसर स्वस्तातला, बोर्ड मात्र चांगला, हे गणित त्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग 2003 मध्ये एएमडीच्या अॅथलॉन 64 ने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नेला. 2008 मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय7 ने तेच केलं. पुढे ग्राफिक्स कार्डाच्या लेनही (डेटा वाहणाऱ्या वाटा) थेट प्रोसेसरला जोडल्या गेल्या. बोर्डाबोर्डातला वेगाचा फरक विरत गेला. नेमक्या याच काळात, 2006 साली, बोर्ड बनवणाऱ्या असुसने 'रिपब्लिक ऑफ गेमर्स' हा गेमिंगचा ब्रँड आणला. वेगाचा फरक विरत असतानाच नाव विकायला घेतलं, मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

2011 च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांपासून इंटेलने प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नावात 'के' असलेले प्रोसेसर आणि ठरावीक चिपसेटपुरतं राखून ठेवलं. ज्यासाठी पूर्वी कसब लागायचं, त्यासाठी आता जादा पैसे मोजायचे. एएमडीने 2017 मध्ये स्वस्तातल्या बी350 चिपसेटवरही ती मुभा दिली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

एएमडीचा 2022 मधला एक्स670 म्हणजे बी650 वरचीच चिप, फक्त एकाऐवजी दोन. त्यातून जास्त यूएसबी, जास्त एम.2 (एसएसडीच्या जागा) मिळतात, गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम वाढत नाहीत. खरा फरक उरतो तो प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम या बोर्डावरच्या भागाचा. इंटेलचा कोअर आय9-13900के 253 वॅटपर्यंत वीज ओढतो. उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसर मंदावतो. एएमडीचा रायझन 7 7800एक्स3डी मात्र 120 वॅटच्या वर्गातला, आणि गेम खेळताना त्याहून बराच कमी वीज घेतो. त्याला बरा बी650 पुरतो, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालता येतात.