दुखवटा (सोलापूर परिसर)

दुखवटा : मृत्यू झालेल्या घरी नातेवाईक, शेजारी व ओळखीचे लोक येऊन बसतात, गेलेल्या माणसाविषयी बोलतात, घरच्यांना जेवू घालतात आणि काही दिवसांनी त्यांना पुन्हा रोजच्या व्यवहारात आणतात, त्या सगळ्याला मिळून असलेले नाव. शब्द साऱ्या मराठी मुलखातला आहे. सोलापूर शहरात व जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्यांची घरे एकमेकांना लागून असल्याने येथे एकाच गल्लीत दुःख वाटून घेण्याच्या तीन-चार रीती पाहायला मिळतात. रोजच्या बोलण्यात मात्र ‘दुखवट्याला जाणे’ कमी. अंत्यविधीला ‘मातीला जाणे’ आणि नंतरच्या भेटीला नुसते ‘भेटायला जाणे’ म्हणतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ‘दुःख’ हा पूर्वार्ध निर्विवाद आहे. प्रश्न ‘वटा’चा आहे. ‘दुःखाचा वाटा’ असा अर्थ कानाला सहज सुचतो आणि चालीच्या आशयालाही शोभतो. पण ‘वाटा’तील दीर्घ आकार का गळला, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा पक्ष हा जुनवट, खारवट, ओलवट यांत दिसणारा ‘-वट’ प्रत्यय मानतो. तसे धरल्यास दुखवटा म्हणजे दुःखाची छटा असलेली अवस्था. तिसरा पर्याय ‘पट’ म्हणजे वस्त्र या शब्दाकडे नेतो. पेशवेकालीन पत्रव्यवहारात ‘दुखवट्याची वस्त्रे’ पाठवल्याचे उल्लेख येतात. सरदार किंवा आप्त वारला की त्याच्या वारसाकडे समाचारासोबत अशी वस्त्रे जात. याचा अर्थ मूळ शब्दातच वस्त्र होते असे नव्हे. किंबहुना ‘वस्त्रे’ हा शब्द वेगळा लावावा लागतो, हे त्याविरुद्धच जाते. प्रस्तुत लेखकाला प्रत्ययाचा पक्ष अधिक सुरक्षित वाटतो. चालीच्या इतिहासात वस्त्राचे स्थान मोठे आहे, एवढे मात्र या पत्रांवरून ठामपणे म्हणता येते. ते पुढे येईलच.

सुतक व दुखवटा या गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सुतक म्हणजे अशौच. मनुस्मृतीत त्याचे दिवस वर्णानुसार 10, 12, 15 व 30 असे दिले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक समाजांत दहा दिवसांचा प्रघात पडला. सुतक घराला इतरांपासून दूर ठेवते. देवपूजा, शुभकार्य, देणेघेणे थांबते. दुखवटा नेमके उलट करतो, तो माणसे घरात आणतो. सोलापुरात हा भेद विशेष स्पष्ट दिसण्याचे कारण येथील लिंगायत समाज. बाराव्या शतकातील शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, शिकवणीत जन्म, मरण, रजस्वलावस्था, उच्छिष्ट व जात ही पाचही सुतके नाकारली आहेत. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे त्याच परंपरेतले. लिंगायत मृतास बसलेल्या स्थितीत, विभूती व बेलपत्रांसह समाधी देतात. तत्त्वाने विटाळ मानत नसले तरी भेटायला जाणे, बसणे, घरी डबा पाठवणे या गोष्टी तेथेही तितक्याच निष्ठेने होतात. सुतक नसलेल्या घरीही दुखवटा असतो, यावरून त्याचे मूळ विटाळाच्या कल्पनेत नसावे, असे मानण्यास आधार मिळतो.

पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठलं-भाकरी करून आणतात; या जेवणाला ‘कडू घास’ म्हणतात. घरच्या माणसाला जेवायचे नसते आणि शेजारीण भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात देते. स्मशानातून परतलेले लोक मृतदेह ठेवलेल्या जागी लावलेला दिवा पाहून घरी जातात. दिव्याभोवती पीठ पसरून ठेवलेले असते आणि त्यात कुणाचे पाऊल उमटले का, हे दुसऱ्या दिवशी पाहतात. तिसऱ्या दिवशी सावडणे, दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणे, तेरावा हे विधी सर्वपरिचित आहेत. अस्थी पुष्कळदा पंढरपुरी चंद्रभागेत नेतात.

बायकांचे रडणे हा या चालीचा सर्वांत जुना भाग असावा. गावाहून आलेली बहीण रिक्षातून उतरते तेव्हाच तिचा हेल सुरू होतो. आतल्या बाया उठून तिच्या गळ्यात पडतात आणि सगळ्यांचे रडणे नव्याने सुरू होते. ते नुसते रडणे नसते. मेलेल्याला उद्देशून बोलणे असते : कुणाच्या भरवशावर टाकून गेलास, लेकीचं लग्न कोण करणार. काही वेळाने एखादी वडीलधारी ‘पुरे बाई आता, पाणी पी’ म्हणते आणि रडणे थांबते. हे थांबवणेही रीतीचाच भाग आहे. आईच्या, भावाच्या मरणावरच्या जात्यावरील ओव्या याच भाषेच्या सख्ख्या बहिणी. हेमा राईरकर व गी प्वातवँ या संशोधकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. माहेर तुटल्याचे दुःख त्यांत पुन्हा पुन्हा येते.

पुरुषांच्या बैठकीत शब्द कमी. आलेला माणूस न बोलता बसतो आणि थोड्या वेळाने विचारतो, ‘काय झालं होतं?’ मग घरातला कुणीतरी सांगू लागतो : रात्री छातीत दुखलं, रिक्षा मिळेना, दवाखान्याच्या दारातच... पुढचा माणूस येतो, तोच प्रश्न येतो, तीच हकीकत पुन्हा सांगितली जाते. दिवसातून कितीतरी वेळा. बाहेरच्याला हे घरच्यांना छळणे वाटेल. जवळून पाहिल्यास उलट दिसते. पहिल्या दिवशी वाक्य अर्धवट राहते, आवाज फुटत नाही. दहाव्याच्या सुमारास तीच हकीकत सलग सांगता येते, मध्येच ‘असा होता बघा आमचा नाना’ म्हणून एखादी जुनी आठवणही निघते. दुःख त्याने कमी होत नसेल, पण ते सांगता येण्याजोगे होते, आणि ऐकणाऱ्याच्याही घरात तसे काही घडलेले असते. निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. नुसते उठून जातात.

समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी 1912 मध्ये शोक हा वैयक्तिक भावनेपेक्षा समूहाने घातलेले कर्तव्य आहे, अशी मांडणी केली. कर्तव्याचा भाग सोलापुरातही खरा आहे. न आलेल्या सोयऱ्याची आठवण वर्षानुवर्षे ठेवली जाते. मार्गारेट स्ट्रोब व हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेले द्विप्रक्रिया प्रतिमान येथील चालीला अधिक जवळचे आहे : शोकग्रस्त माणूस दुःखाला सामोरे जाणे आणि जगण्याच्या कामाला लागणे यांत सतत येरझारा घालतो. शहराच्या पूर्व भागात हे रोज दिसते. घरोघरी विड्या वळल्या जातात आणि मजुरी दर हजार विड्यांमागे मिळत असल्याने बाईला फार दिवस हात बांधून बसता येत नाही. पान भिजवणे, कापणे, वळणे, दोरा बांधणे चालू असते आणि बोलणे, डोळे पुसणेही त्यासोबतच.

दुखवट्याची अखेर वस्त्राने होते. माहेरचे किंवा सासरचे लोक येऊन पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना साडी-चोळी देतात, देवदर्शनाला नेतात, गोड घास भरवतात. याला ‘दुखवटा काढणे’ म्हणतात. दरबारी वस्त्रे आणि ही टॉवेल-टोपी यांचा धागा एकच असावा. तरीही पहिले वर्ष सण होत नाहीत. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली असते आणि या घरात पोळी लाटली जात नाही. मग शेजारून झाकलेले ताट येते.

पंढरपूर व मंगळवेढे जिल्ह्यातच असल्याने संतपरंपरेचा उल्लेख अपरिहार्य आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीप्रसंगाचे (शके 1218, इ.स. 1296) नामदेवांच्या नावावरील अभंग म्हणजे सोबत्यांच्या सामूहिक शोकाचे मराठीतील बहुधा पहिले सविस्तर चित्र. ते सर्वच नामदेवांचे की काही नंतरच्या विष्णुदास नामा यांचे, हा वाद आहे. गाथेत दोहोंची सरमिसळ झाल्याचे मत ग्राह्य वाटते. मंगळवेढ्यात 1338 च्या सुमारास गावकूस कोसळून चोखामेळा इतर मजुरांसह गाडले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी ओळखून पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली, अशी परंपरा सांगते. ढिगाऱ्यापाशी बसून हाडाला कान लावणारा मित्र, ही प्रतिमा या मुलखातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मुस्लिम समाजात तीन दिवस ताजियत म्हणजे सांत्वनाची भेट, मग जियारत (मृतासाठी प्रार्थना) व चाळिसावा. विधवेची इद्दत, म्हणजे पुनर्विवाहापूर्वी पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची. मयताच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पाठवावे, असा संकेत तेथेही आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत ‘पेद्दकर्म’ हा मोठा विधी असतो. सार्वजनिक शोकात 12 जानेवारी हा दिवस मुख्य : 1931 साली या तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. चौघे चार समाजांतले. हुतात्मा दिन मात्र शहराचा एकच.

चौकातील ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक आणि व्हॉट्सॲपवरचे हात जोडलेले चिन्ह ही अलीकडची भर. 2020-21 च्या करोनाकाळात अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा होती आणि घरी जाऊन बसणे बंद पडले. फोनवर सांत्वन झाले होते, तरी निर्बंध उठल्यावर लोक कित्येक महिन्यांनी भेटायला गेले, दाराशी चपला काढून खाली बसले आणि त्यांनी विचारले, ‘काय झालं होतं?’